केळ्याविना केळ्याचा वास

प्रश्न : केळ्याच्या इसेन्समध्ये केळं नसतंच, आम्ल आणि अल्कोहोलपासून तो वास तयार करतात, असं ऐकलं. मग व्हिनेगरमध्ये थोडं स्पिरिट घालून ठेवलं तर सुवास का येत नाही?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. केळ्याच्या वासाचं मुख्य कारण आयसोॲमिल ॲसेटेट नावाचा एस्टर. आम्लाचा आणि अल्कोहोलचा एकेक रेणू जोडला जाताना मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, की झाला एस्टर. त्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लाकडून येतो, हे रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ साली जड ऑक्सिजन वापरून सिद्ध केलं.

तुमच्या प्रयोगात पहिली चूक अल्कोहोलची. स्पिरिटमधल्या इथाइल अल्कोहोलपासून झालाच तर इथाइल ॲसेटेट होईल, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. केळ्यासाठी आयसोॲमिल अल्कोहोल हवं. मळीपासून अल्कोहोल काढताना डिस्टिलरीत जे फ्यूजेल तेल वेगळं निघतं, त्यात ते भरपूर असतं. साखर कारखान्याच्या गावात केळ्याच्या वासाचा कच्चा माल मिळावा, ही गंमतच.

दुसरी अडचण मोठी आहे, ती पाण्याची. ही क्रिया उलटही चालते : एस्टर आणि पाणी मिळून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतं. इथाइल अल्कोहोल आणि शुद्ध ॲसेटिक आम्ल रेणूंच्या हिशेबात एकास एक घेतलं, तर सुमारे दोन तृतीयांश मालाचाच एस्टर होतो. पुढे जितका बनतो तितकाच मोडतो. व्हिनेगरमध्ये तर बहुतेक पाणीच! एस्टर होणार कुठून?

म्हणून प्रयोगशाळेत पाणी नसलेलं आम्ल घेतात, तेही गरजेपेक्षा जास्त, किंवा तयार होणारं पाणी काढून टाकत राहतात. शिवाय संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालून मिश्रण तासभर उकळतात आणि वाफ थंड करून परत भांड्यात सोडतात. सल्फ्युरिक आम्ल एस्टरचा घटक होतं, असा अनेकांचा समज असतो. ते उत्प्रेरक आहे. एरवी रेंगाळणाऱ्या क्रियेला ते वेग देतं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने उरलेलं आम्ल धुऊन काढतात आणि १४२ अंश सेल्सिअसच्या आसपास एस्टर ऊर्ध्वपातनाने वेगळा करतात. घरी मात्र हे करू नका. संहत आम्ल कातडी जाळतं.

बाटलीतला रेणू आणि केळ्यातला रेणू यांत फरक नाही. केळ्यात त्याच्या सोबतीला इतर अनेक सुवासिक द्रव्यं असतात, म्हणून इसेन्स एकसुरी वाटतो इतकंच. मधमाशी डंख मारताना हाच रेणू सोडून बाकीच्या माश्यांना सावध करते. तेव्हा पोळ्याजवळ केळ्याच्या इसेन्सची बाटली न उघडलेली बरी.