पाच शहरे, पाच मैदाने

बेसबॉल हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फार जुना व लोकप्रिय खेळ होय. तेथील अनेक मोठ्या शहरांचे स्वतःचे संघ आहेत आणि प्रत्येक संघाला आपले मैदान आहे. उन्हाळ्यात मोटारीने शहरामागून शहर पार करीत ही मैदाने पाहण्याची हौस तेथे पुष्कळांना असते. एकच खेळ पाहण्यासाठी इतक्या दूर कशासाठी जावयाचे, असा प्रश्न मुलांना पडेल. त्याचे उत्तर या खेळाच्या रचनेतच आहे.

बेसबॉलच्या मैदानाचा आतील भाग चौरस असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. लगतच्या दोन बेसमध्ये ९० फूट अंतर असते. गोलंदाजाने फेकलेला चेंडू टोलवून फलंदाज धावू लागतो. चारही बेसना स्पर्श करून तो मूळ जागी परतला, की त्याच्या संघाला एक धाव मिळते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला, तर ही प्रदक्षिणा त्याला निर्वेधपणे पुरी करता येते. चौरसाची मापे सर्वत्र सारखीच असतात. परंतु कुंपण किती दूर व किती उंच असावे, हे जागेप्रमाणे बदलते. म्हणूनच या खेळाची दोन मैदाने तंतोतंत एकसारखी आढळत नाहीत.

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या डेन्व्हर शहरापासून आपण ही यात्रा सुरू करू. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. तेथील कूर्स फील्ड या मैदानात, वरच्या मजल्यावरील आसनांची एक रांग जांभळ्या रंगाची आहे. ती बरोबर एक मैलाची उंची दाखविते. उंचावरील हवा विरळ असल्यामुळे तिचा चेंडूला होणारा रोध कमी असतो व चेंडू दूर जातो. म्हणून १९९५ साली मैदान बांधताना कुंपणे मुद्दाम लांब ठेवण्यात आली. कोरडा चेंडू अधिक उसळतो, हे ध्यानात घेऊन २००२ सालापासून येथे चेंडू दमट हवेच्या खोलीत ठेवले जाऊ लागले.

तेथून पूर्वेकडे, मक्याच्या अफाट शेतांमधून सुमारे १६०० किलोमीटर प्रवास केला, की शिकागो येते. तेथील रिग्ली फील्ड हे मैदान १९१४ साली उघडले. त्याच्या विटांच्या कुंपणावर १९३७ साली लावलेल्या आयव्हीच्या वेली आजही डोलतात. चेंडू पानांत अडकला, तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस दिले जातात. या मैदानाला १९८८ सालापर्यंत दिवेच नव्हते. त्यामुळे तोवर तेथील सर्व सामने दिवसाउजेडी होत.

पुढचे शहर पिट्सबर्ग. येथील पीएनसी पार्क हे मैदान ॲलेगेनी नदीच्या काठी आहे. त्याच्या उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे. कारण येथील थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचा क्रमांक २१ होता. १९७२ साली निकाराग्वा देशात भूकंप झाला. संकटग्रस्तांसाठी मदतीचे सामान घेऊन तो ३१ डिसेंबरला स्वतः विमानाने निघाला. ते विमान समुद्रात कोसळले व त्याचा अंत झाला. मैदानाकडे जाणाऱ्या पुलालाही त्याचेच नाव दिलेले आहे.

बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे आहे. डाव्या बाजूस रस्ता अगदी जवळ असल्याने कुंपण मागे नेता येईना. म्हणून ते उंच केले गेले. ३७ फुटांहून उंच अशी ही हिरवी भिंत सर्व देशात प्रसिद्ध आहे. तिच्या पोटात बसलेली माणसे अजूनही हातांनी आकड्यांच्या पाट्या बदलून धावफलक दाखवितात.

यात्रेचे अखेरचे स्थान न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात आहे. तेथे मात्र मैदान दिसत नाही. उंच राहत्या इमारती तेवढ्या दिसतात. एबेट्स फील्ड हे येथील मैदान १९१३ साली उघडले. १९५७ सालच्या सामन्यांनंतर येथील संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० साली मैदान पाडण्यात आले. तरीही येथे येऊन प्रवासी क्षणभर थांबतो.

त्या काळी मोठ्या संघांत केवळ गोऱ्यांनाच प्रवेश होता. कृष्णवर्णी खेळाडू कितीही गुणी असला, तरी कित्येक दशके त्याला दार बंद होते. ब्रुकलिन संघाचा चालक ब्रँच रिकी याने ही रूढी मोडण्याचे ठरविले व जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी तरुणाची निवड केली. अपमान झाला तरी उलट हात उचलावयाचा नाही, अशी अट त्याने घातली. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन याच मैदानात उतरला. त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. परंतु त्याचे खेळावरील लक्ष ढळले नाही. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. हळूहळू इतर संघांची दारेही उघडली. बोस्टनच्या संघात कृष्णवर्णी खेळाडू येण्यास मात्र १९५९ साल उजाडले. माणसाच्या मनातील भिंत विटांच्या भिंतीहून उंच असते, ती अशी!

रॉबिन्सनचा क्रमांक ४२ होता. १९९७ साली सर्व संघांनी तो क्रमांक त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला. आता दरवर्षी १५ एप्रिलला प्रत्येक मोठ्या संघातील प्रत्येक खेळाडू ४२ हाच क्रमांक धारण करून खेळतो. एबेट्स फील्डच्या भिंती राहिल्या नाहीत. पण त्या दिवशी देशातील प्रत्येक मैदानावर तेथील आठवण जागी होते.

स्वाध्याय

१. बेसबॉलची सर्व मैदाने एकसारखी का नसतात?
२. डेन्व्हर येथे चेंडू दूर का जातो? त्यावर कोणते उपाय योजले गेले?
३. उलट हात न उचलण्यास धैर्य लागते काय? रॉबिन्सनच्या उदाहरणावरून सांगा.
४. 'माणसाच्या मनातील भिंत विटांच्या भिंतीहून उंच असते' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.