एक वर्ष कमी पडलं

आमचं गाव बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. पहिली ते चौथी मी पांढरकवड्याला मामाकडे शिकलो. पाचवीला परत आलो, तो डिग्रीपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच. घर, रेशन कार्ड, मतदान सगळं इथलं. मार्केट यार्डात कापसाच्या भावावरून भांडतो तेही तेलुगूतच.

डिग्रीनंतर हैदराबादला अशोकनगरात दोन वर्षं क्लास केला. बाबांनी त्यासाठी एक बैलजोडी विकली. डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणा सरकारच्या ग्रुप-4 नोकऱ्यांची जाहिरात आली, 8 हजारांवर जागा. फॉर्म भरायला बसलो तर सात रकाने: पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेपुढे जिल्हा. चार वेळा यवतमाळ लिहिलं, तीन वेळा आदिलाबाद. झालो नॉन-लोकल.

2018 च्या राष्ट्रपती आदेशानुसार सातवीपर्यंतची किमान चार वर्षं ज्या जिल्ह्यात शिकलात, तिथले तुम्ही लोकल. 95 टक्के जागा लोकलना. बाबांच्या डोक्यात 1975 च्या आदेशाचा जुना हिशोब होता. त्यात दहावीपर्यंतची सलग चार वर्षं बघत, म्हणजे मी बसलो असतो. पण बाबांना बोल कशाला लावू? क्लासची फी भरायच्या आधी नियम मीच वाचला नव्हता. उरलेल्या 5 टक्क्यांत साऱ्यांशी टक्कर होती. 1 जुलै 2023 ला पेपर दिला, नाव लागलं नाही. नदीपलीकडे महाराष्ट्रात डोमिसाईलला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. तिथे माझी चारच.

सीमेवरच्या मराठी घरांत पोरं मामाकडे, आत्याकडे शिकायला ठेवायची रीतच आहे. ठेवा, पण आधी बोटांवर इयत्ता मोजा. शाळा सोडतानाच प्रत्येक वर्षाचं बोनाफाईड घ्या. टीसीवर भागत नाही, आणि पंधरा वर्षांनी शाळेचं रजिस्टर वाळवीने ठेवलेलं असेलच असं नाही. ज्यांचं गणित माझ्यासारखं चुकलंय त्यांनी राज्याच्या जाहिरातींमागे वय घालवू नये. केंद्राच्या भरतीला, म्हणजे रेल्वेला, स्टाफ सिलेक्शनला (एसएससी) ही अट नाही. जीडी कॉन्स्टेबलचा पेपर तर 2024 पासून मराठीतूनही देता येतो. मला हे कळेपर्यंत वय निघून गेलं होतं. सध्या दिवाळी ते होळी जिनिंगमध्ये काट्यावर असतो.

परवा वहिनीच्या भावाचा फोन आला, पुतणीला पहिलीला यवतमाळला पाठवा म्हणून. वहिनी पोरीचे कपडेही भरून बसली होती. फोन मीच घेतला. म्हटलं, "दादा, चौथी होऊ द्या, मग खुशाल न्या."