पंपगृहातील उमेदवारी

नळाची तोटी फिरविली की पाणी येते. ते घरापर्यंत आणणारी यंत्रे मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. बंगळूर शहरास १९७४ पासून कावेरीचे पाणी मिळत आहे. ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून येते आणि वाटेतील तीन पंपगृहांच्या साहाय्याने एकंदर सुमारे ५०० मीटर उंच चढविले जाते. ऊर्जा कोठेही वाया जात नाही असे मानले, तरी १,००० लिटर पाणी इतके वर नेण्यास सुमारे १.३६ युनिट वीज लागते. अशा साखळीतील एक टप्पा बंद पडला, की पुढील टप्पे कोरडे राहतात. म्हणून मोडलेला पंप दुरुस्त करणाऱ्यापेक्षा तो मोडू न देणारा तंत्रज्ञ अधिक मोलाचा होय. आपल्या देशात अशा कामाच्या शिक्षणास १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा आधार आहे.

उमेदवाराचा पहिला धडा सुरक्षिततेचा असतो. पंप उघडण्यापूर्वी विजेचा स्विच बंद करणे पुरेसे नाही. त्यास कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावयाची असते. एवढ्यानेही काम भागत नाही. उंचावरील नळातून पाणी उलट परतले, तर विजेवाचूनही पंप फिरू लागतो. यास्तव दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करून आतील दाब उतरविल्याखेरीज पान्यास हात लावू नये.

दुसरा धडा नजरेचा. पंपाचा दांडा जेथून बाहेर येतो, तेथे ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी भरलेली असते. तेथून पाणी ठिबकताना दिसले, की नवशिका ग्लँडचे नट आवळू पाहतो. परंतु हे ठिबकणे दोष नव्हे. थेंबाथेंबाने झिरपणारे पाणीच पॅकिंगला थंड ठेवते व वंगणाचे काम करते. ते पूर्ण बंद केल्यास दोरी जळते आणि दांड्यावर चरे पडतात. पाण्याची धार लागली तर मात्र नट थोडथोडे व सारखे आवळावेत.

तिसरा धडा कानाचा. पंपात खडे खळखळत असल्यासारखा आवाज येऊ लागला, तर आत खडे असतीलच असे नाही. पाणी आत शिरते तेथे दाब फार उतरला, की ते नेहमीच्या तापमानासही उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. पुढे अधिक दाबाच्या जागी ते एकाएकी मिटतात व त्यांच्या आघातांनी पंपाच्या चक्राचा धातू कुरतडला जातो. अशा वेळी चक्र बदलून मूळ कारण जात नाही. शोषण-नळाची जाळी तुंबली आहे काय, हौदातील पातळी उतरली आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

चौथा धडा मापाचा. मोटर व पंप यांचे दांडे एका रेषेत नसतील, तर कपलिंग व बेअरिंगे अकाली झिजतात. डोळ्यांस सरळ दिसणारी रेषा येथे पुरत नाही. डायल गेज लावून मिलिमीटरच्या शतांशांत फरक मोजावा लागतो आणि पायाखाली पातळ पत्रे सारून तो काढावा लागतो.

हे सर्व रोजच्या नोंदवहीत उतरले, तरच उपयोगी पडते. बेअरिंग आज तापले आहे, हे कळण्यास काल ते किती तापत होते याची नोंद हवी. ज्या उमेदवारास ही वही निष्ठेने लिहिण्याची व वाचण्याची सवय जडली, त्याला पंपाचे दुखणे तो थांबण्यापूर्वीच कळते. आणि शहराचे पाणी अखंड चालू राहते.