बाळंतिणीचे ताट

दवाखान्यातून आई बाळाला घेऊन घरी आली. शेजारपाजारचे बघून गेले. जो तो म्हणाला, "आता हिला चांगले खाऊ घाला." म्हणणे सोपे आहे. पण चांगले खाऊ घालायचे तर ते आधी कोणीतरी रांधायला हवे. कोण रांधणार?

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. तिथे आई असते, भावजय असते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला मात्र ती बहुधा आपल्याच घरी असते. आणि आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरातले प्रत्येक माणूस कामाला जुंपलेले. पावसाळ्यात नांगरणी आणि आवणी. दिवाळीपर्यंत कापणी, झोडणी. मग मजुरी. मार्च उलटला की विहिरींचे तळ दिसू लागतात, म्हणजे हंडाभर पाण्यासाठी उतार उतरायचा आणि पुन्हा चढायचा. (याच मोखाड्यातून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी धरणातून मुंबईच्या नळांना जाते, ही गोष्ट निराळी.) फाटा आणा, पाणी आणा, नागली दळा, भाकऱ्या थापा. एवढे झाल्यावर घरातल्या सर्वांना वाढायचे आणि उरेल ते आपण खायचे. बाळंतीण महिन्याभरातच या रहाटाला पुन्हा लागते. मांडीवर बाळ, पुढ्यात चूल. पुष्कळदा भात आणि मिरचीचे पाणी एवढ्यावरच तिचे जेवण उरकते.

शहरातल्या नव्या आईबापांपुढेही हाच प्रश्न असतो, बरे का. तिथे नवरा-बायको दोघे नोकरीला आणि घरात तिसरे माणूस नाही. बाळ रात्रभर जागवते. सकाळी चूल पेटवायचे त्राण दोघांतही नसते. मग ती शिजलेल्या अन्नाचा डबा लावतात. मुंबईत डब्याची रीत जुनी आहे. 1890 च्या सुमारास महादू हवाजी बच्चे यांनी माणसे जमवून घरचे जेवण कचेरीत पोचवण्याचा धंदा सुरू केला, असे सांगतात. मावळ, जुन्नर, आंबेगावकडची माणसे पुढे त्यात शिरली. आता तर उलटही होते. बाहेर शिजलेले अन्न फोनवरून मागवले की घरच्या दारात येते. त्याला पैसे पडतात. पण पैसे देणारा माणूस चार गोष्टी विचारतोच. डब्यात काय देणार? किती देणार? वेळेवर येईल का? ताजे असेल का?

आपल्याकडे असा डबा नाही, असे कोणी म्हणेल. आहे. तो अंगणवाडीत शिजतो. त्याला पैसे पडत नाहीत. म्हणूनच की काय, आपण त्याला हे चार प्रश्न विचारत नाही.

या ताटाची हकीगत थोडी मागून सांगायला हवी. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात कुपोषण आणि आजार यांनी पुष्कळ बालके दगावली. तेव्हा आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा पुढे 2014 साली झाला. वावर-वांगणीमुळे सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, डॉक्टर आले, वर्तमानपत्रवाले आले. जो तो बालकांच्या वजनाकडे पाहू लागला. पण बाळाचे वजन काही जन्मल्यावर सुरू होत नाही. पोटात असताना आईने जे खाल्ले त्यावरच ते वाढते. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ नाजूक असते. थंडी, जुलाब, ताप त्याला लवकर गाठतात. तेव्हा बाळाला वाचवायचे तर आईच्या ताटापासून सुरुवात करणे भाग होते.

2013 साली देशात अन्नसुरक्षेचा कायदा झाला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे, असे त्या कायद्यात लिहिले आहे. म्हणजे हे कोणाचे दान नव्हे. पुढे 2015 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने राज्याच्या आदिवासी भागांसाठी वेगळी योजना काढली. तिचे नाव लांबलचक आहे: भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. आपण नुसते अमृत आहार म्हणू. या योजनेत कोरडे पाकीट द्यायचे नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसातून एकदा पूर्ण, गरम, शिजवलेले जेवण द्यायचे. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ किंवा कडधान्य, पालेभाजी. शिवाय अंडे, आणि अंडे न खाणारीला केळे किंवा असेच दुसरे काही. शेंगदाण्याचा लाडूही यादीत आहे. पुढे सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अंडी किंवा केळी द्यायचे ठरले.

योजना आली म्हणजे सगळे झाले असे मात्र नाही. 2016 सालीही मोखाडा-जव्हारच्या बालमृत्यूंची चर्चा राज्यभर झालीच. कागदावरचे ताट आणि आईच्या पोटातले अन्न यांच्यामध्ये बरीच वाट आहे. ती वाट कुठे अडते ते पाहू.

समजा, एक पाडा आहे. एक घर आहे. सासू, मुलगा, सून, चार वर्षांची मुलगी आणि सव्वा महिन्याचे बाळ. अंगणवाडीची बाई घरी आली आहे.

बाई म्हणते, "उद्यापासून जेवायला येत जा गं. तुझं नाव लिहिलंय मी."

सासू म्हणते, "बाळ घेऊन उन्हातान्हात कशाला बोलवता? माझा मुलगा डबा घेऊन येईल. त्यात भरून द्या."

मुलगाही म्हणतो, "हो बाई, मी जाता जाता घेऊन येईन."

"आणशील रे. पण तो डबा घरी उघडेल तेव्हा खाणार कोण?"

सून खाली बघते. सासू म्हणते, "घरात लेकरू आहे. ते समोर बसलं तर आई एकटी अंडं खाईल का? तुम्ही खाल का बाई?"

सासूबाई बोलल्या ते खोटे नाही. पोटचे पोर टक लावून बघत असताना आईच्या घशाखाली घास उतरत नाही. कोणत्याच आईच्या उतरत नाही. आणि घरी गेलेल्या डब्याचे काय होते, याचा हिशेब आपल्याला करता येईल. एका बाईचे जेवण. त्याचे चार वाटे. अंडे मुलीला, चांगली भाकरी नवऱ्याला, कारण तो कामावर जाणार, मऊ भात सासूला. सुनेच्या वाट्याला डाळीचे पाणी. कोणीही वाईट वागले नाही. सगळ्यांनी मायेनेच वाटून खाल्ले. पण ज्या बाईच्या नावाने ते शिजले होते तीच उपाशी राहिली, आणि तिच्या दुधावर वाढणारे बाळही.

म्हणून अंगणवाडीच्या बाईने सांगितले ते ऐका. ती म्हणाली, "मुलीलाही घेऊन ये ना. तिचं नावही माझ्याकडे आहे. तिचा खाऊ वेगळा, तिचं अंडं वेगळं. ती मुलांच्या ओळीत बसेल, तू बायांच्या ओळीत बस. बाळाला घे मांडीवर. कोणी कोणाच्या ताटात बघायला नको."

"आणि बाळाला काय द्यायचं?" सासूने विचारले.

"सहा महिने काहीच नाही. दूधच पुरे. पाणीसुद्धा नको."

मुलगा गप्प बसला होता. तो म्हणाला, "मग मी काय करू?"

"दुपारचा पाण्याचा हंडा तू आण. म्हणजे हिला जेवायला निघता येईल."

हे वाचून कोणी हसेल. पण खरी अडचण बहुतेक घरांत तीच असते. जेवण तयार असते, बाईचे नाव लिहिलेले असते, आणि बाईला मात्र सवड नसते. घरातल्या पुरुषाने एक खेप मारली तर ती सवड होते. ताट अंगणवाडीत वाढले जाते खरे, पण तिथपर्यंतची वाट घरातूनच मोकळी करावी लागते.

आता ताटात काय आहे ते बघा. नागलीला कमी समजू नका. शहरातले लोक आता तीच नागली दुकानातून महाग घेतात. हाडांना लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळापेक्षा नागलीत कितीतरी पटींनी जास्त असतो. डाळीने आणि अंड्याने झीज भरून येते. पालेभाजीने रक्त वाढायला मदत होते. पावसाळ्यात टाकळा, कवळा, माठ आपल्या बांधावरच उगवतात. त्या दिवसांत त्या भाज्या अंगणवाडीत नेऊन दिल्या तर मदतनीस बाई नाही म्हणणार नाही. काही घरांत बाळंतिणीला डाळ देत नाहीत, भाजी देत नाहीत, बाळाचे पोट दुखेल म्हणतात. आईने डाळभाजी खाल्ली म्हणून बाळाला काही होत नाही. उलट न खाल्ल्याने आईच्या अंगातले रक्त आटते. रक्तवाढीच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. त्या जेवणानंतर घ्याव्या, पण चहाबरोबर घेऊ नयेत. चहाने गोळीचा गुण कमी होतो.

आणखी एक. हे एक वेळचे जेवण आहे. दिवसाचे नव्हे. "तू तिकडे जेवलीस ना, मग आता रात्री थोडेच घे" असे कुठे कुठे होते. तसे होऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्या जेवणावर साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ आणि चमचाभर तेल एवढे जास्तच लागते. अंगणवाडीचे ताट त्या वाढीव भुकेसाठी आहे. घरचे जेवण त्यामुळे कमी करायचे नाही.

आता तक्रारींकडे वळू. त्या खऱ्या आहेत. पाडे लांब लांब विखुरलेले, मध्ये ओढा, पावसात वाट निसरडी. ओल्या बाळंतिणीने रोज तीन मैल चालावे असे कोण म्हणेल? अशा जागी डबा पोचवण्याची सोय मागावी, मात्र डबा तिच्याच हाती पडावा आणि तिने तो तिथेच उघडून खावा. दुसरी तक्रार अशी की पैसे उशिरा येतात. मग सेविका दुकानातून उधार आणते, कधी पदरचे घालते. उधारी थकली की आधी अंडे जाते, मग भाजी जाते. उरतो भात आणि पातळ डाळ. अशा वेळी सेविकेशी भांडून काय होणार? तीही आपल्यासारखीच अडकलेली असते. गावात या योजनेसाठी आहार समिती असते. तिच्यात जेवणाऱ्या आयाही असतात. पैसे केव्हा आले, किती आले, किती ताटांना पुरले, हे समितीत विचारता येते. ग्रामसभेतही विचारता येते. तोंडी विचारलेले विसरले जाते. कागदावर चार ओळी लिहा, तारीख घाला, खाली सह्या करा, आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. चार ओळी लिहिण्याइतके अक्षर आता तुमच्या हाताला आले आहे.

वाचण्याइतकेही आले आहे. म्हणून अंगणवाडीत गेलात की भिंतीवरचा आहाराचा तक्ता वाचा. त्यात काही कठीण शब्द असतात. स्तनदा माता म्हणजे अंगावर पाजणारी आई. लाभार्थी म्हणजे ज्याला मिळायचे तो. उपस्थिती म्हणजे हजेरी. आज सोमवार असेल तर सोमवारच्या ओळीत काय लिहिले आहे आणि ताटात काय पडले आहे, ते ताडून पाहा. हजेरीच्या वहीत आपले नाव शोधा. ज्या दिवशी जेवलात त्याच दिवशी खूण असावी. आपले ताट कोणत्या महिन्यापर्यंत आहे, तेही विचारून घ्या.

राहिली दिवाळीनंतरची गोष्ट. भात झोडून झाला की पुष्कळ घरे कुलूप लावून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. बाळंतीणही जाते. तिचे ताट मात्र पाड्यावरच राहते. गरम जेवणाची ही योजना आदिवासी भागापुरती आहे, भट्टीवर ती मिळेल असे नाही. पण अंगणवाडी तिथेही असते, आणि कायदा सगळीकडे तोच आहे. निघण्याआधी सेविकेला सांगा, कुठे जाणार आणि किती दिवस. आई-बाळाचे कार्ड बरोबर घ्या. ते गाठोड्याच्या तळाशी टाकू नका, वर ठेवा, पावसापाण्यापासून जपण्यासाठी पिशवीत घाला. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळची अंगणवाडी शोधून ते कार्ड दाखवा आणि आईचे, बाळाचे, मोठ्या मुलीचे नाव लिहून घ्यायला सांगा. ज्यांच्या घरात म्हातारी मागे राहते आणि हात थोडे मोकळे आहेत, त्यांनी दुसराही विचार करून पाहावा. पुरुषाने एकट्याने जावे आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आईने पाड्यावर राहावे. मजुरी एका माणसाची बुडेल. ती किती बुडेल आणि पाड्यावर रोजचे ताट व मोठ्या मुलीचा खाऊ मिळून किती वाचेल, याचा हिशेब उचल घेण्याच्या आधी नवरा-बायकोने बसून मांडावा. उचल घेतल्यावर तो मांडून उपयोग नसतो.