भूकंपलहरी : पृथ्वीच्या अंतरंगाची साक्ष

आठवडी बाजारात मडके विकत घेताना जाणते माणूस त्यावर बोटाने टिचकी मारून पाहते. नाद खणखणीत असेल तर मडके पक्के. बद्द असेल तर कोठेतरी चीर आहे. मडके न फोडता त्याची परीक्षा करण्याची ही रीत आहे. पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यासही याच रीतीने झाला. येथे टिचकी निसर्ग मारतो आणि तिला आपण भूकंप म्हणतो.

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. रशियातील कोला द्वीपकल्पावर खणलेले अतिखोल विवर १२,२६२ मीटरपर्यंत गेले. हा त्रिज्येचा पाचशेवा भागही नव्हे. म्हणून अंतरंगाविषयी भूकंपलहरींची साक्ष काढावी लागते.

भूकंपनाभीपासून दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करतात. प्राथमिक लहरींत खडकांचे कण लहरीच्याच दिशेने पुढेमागे हलतात. या लहरी घन व द्रव अशा दोन्ही पदार्थांतून जातात. दुय्यम लहरींत कण त्या दिशेशी काटकोनात हलतात. त्या केवळ घन पदार्थातून जातात. भूकवचात पहिल्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुसऱ्यांचा सुमारे ३.५ किलोमीटर असतो. त्यामुळे जवळच्या भूकंपात दोन्हींच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला ८ ने गुणले की भूकंपाचे अंतर स्थूलमानाने किलोमीटरमध्ये मिळते. तीन केंद्रांवरून अशी तीन वर्तुळे काढली, की ती जेथे मिळतात तेथे भूकंपाचे ठिकाण सापडते.

या शास्त्राचा एक पाया भारतातील भूकंपावर रचला गेला. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या युरोपात झालेल्या नोंदी तपासून लहरींचे प्रकार वेगळे ओळखले. १९०६ मध्ये त्यांनी लहरींच्याच आधारे पृथ्वीला गाभा असल्याचे दाखविले. पुढे गुटेनबर्ग यांनी हा गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, असे निश्चित केले. भूकंपापासून सुमारे १०४ अंशांपलीकडे दुय्यम लहरी थेट पोहोचत नाहीत, कारण बाह्यगाभा द्रवरूप आहे. जे आले नाही, त्यानेही साक्ष दिली!

द्रव गाभ्यात प्राथमिक लहरी वाकतात. त्यामुळे १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात त्यांची छाया पडावयास हवी. तथापि १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदींत या छायेतही क्षीण लहरी दिसल्या. ही यंत्रांची चूक म्हणून सोडून देणे सोपे होते. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी तसे केले नाही. गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असावा, हे अनुमान त्यांनी १९३६ मध्ये मांडले. हा अंतर्गाभा घन असून त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे, हे आज सर्वमान्य आहे. लेहमन ज्या शाळेत शिकल्या तेथे मुलामुलींना एकच अभ्यासक्रम होता, भेदभाव नव्हता. शाळेचे ऋण किती दूरवर जाते, याचे हे उदाहरण होय.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंपाची नाभी उथळ होती, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदांचे ओझे कोसळून माणसे गाडली गेली. तो कोणाच्या पापाचा कोप नव्हता. भूकवचातील ताण मोकळा झाला होता. भूकंपाचा दिवस व घटका आजही कोणी सांगू शकत नाही. मात्र घर कसे बांधावे, हे निश्चित सांगता येते. भिंतींना सर्व बाजूंनी सलग पट्टा, कोपऱ्यांची पक्की सांधणी आणि हलके छप्पर, एवढ्याने अनेक जीव वाचतात.

पृथ्वीच्या केंद्रापर्यंत कोणी गेले नाही. तरीही तेथे काय आहे, हे आपण जाणतो. कारण शोधण्याची ही सवय आपल्या मुलांच्या हाती देणे आणि त्या ज्ञानाने आपले घर सुरक्षित करणे, हेच या अभ्यासाचे फलित आहे.