मुडीला आंघोळ घालू नकोस

मिरज,
१२ जुलै

चि. सई हिस,

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला आणि रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. वहिनी खरं तर तुझं कौतुकच करत होती. म्हणे, आमची सई स्वतःचे कपडे चार दिवस धुवायची नाही, पण त्या सशाला एक दिवसाआड शांपू लावून न्हाऊ घालते. वर एवढं करूनही खोलीत वास मारतो म्हणून तुझ्या घरमालकीण मासिमांनी ‘ससा तरी ठेव नाहीतर खोली तरी’ असं सुनावल्याचंही तिनेच सांगितलं. मासिमांचं जाऊ दे. नाकाला वास आला तर माणूस बोलणारच.

पण सई, मुडीला आंघोळ घालू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, बादली मात्र आजच उचलून ठेव.

कोलकात्याला आयएसआयमध्ये संख्याशास्त्र शिकतेस, दहा ठिकाणी पडताळल्याशिवाय ठाम बोलत नाहीस, आणि गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात एक पिल्लू दिसलं तशी भाळलीस! विकणाऱ्याने मादी म्हणून सांगितलं, तू मान डोलावलीस. इतक्या लहान सशाचं ते भल्याभल्यांना कळत नाही. नाव काय तर मुडी, म्हणजे बंगालीत चुरमुरे, कारण ते आवडीने खाते. (मिरजेत असती तर भडंग म्हटलं असतं.) सगळी मेख त्या चुरमुऱ्यांत आहे आणि ती तुझ्यासारखीच्या ध्यानात येऊ नये, याचा मला राग आलाय.

ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, वाटाण्याएवढी, बोटात चुरली तर गवताचा भुगा व्हावा अशी. तिला वास जवळजवळ नसतोच. दुसरी मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांच्या घोसासारखी. ती तो बुडाला तोंड लावून तिथल्या तिथे खाऊन टाकतो. शी म्हणून तोंड फिरवू नकोस, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. गाय रवंथ करते, ससा हे करतो. चुरमुरे, बिस्किटं, पाव असलं पिठूळ पोटात गेलं की हीच लेंडी पातळ होते, खाल्ली जात नाही आणि बुडाच्या केसांना चिकटून बसते. मग वास. मग तुझा शांपू. म्हणजे घाण सुरू होते ताटलीत आणि तू धुतेस शेपटी!

तर चुरमुरे बंद. मागच्या फोटोत पिंजऱ्यात कुमारटुलीहून आणलेला भाताचा पेंढा दिसला. दुर्गेच्या मूर्तीच्या अंगात भरायला तो उत्तम, मुडीच्या पोटाला त्यातून फारसं काही मिळत नाही. तिला वाळलेलं, हिरवट गवत हवं, रोज तिच्या अंगाएवढा ढीग. पावसात ते कुबट होतं, म्हणून घालण्याआधी स्वतः हुंगून बघ. आणि दूर्वा. बंगाल्यांना आशीर्वादाला धान आणि दूर्वा लागतात, म्हणजे तुझ्या फुलवाल्याकडे त्या मिळणारच. धुऊन, कोरड्या करून आधी चार काड्याच दे. पिल्लाच्या पोटाला एकदम बदल सोसत नाही.

आता जागेची सवय. शाळेत जीवशास्त्राच्या खोलीमागचे ससे अकरा वर्षं माझ्याकडे होते. जागा ससाच ठरवतो, आपण नुसतं मान्य करायचं. मुडी ज्या कोपऱ्यात शू करते तिथेच ट्रे ठेव. खाली वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या, वर गवत. खाता खाता लेंड्या टाकणं हा त्यांचा स्वभाव, म्हणून गवताची जुडी ट्रेच्या टोकालाच बांध, तोंड पोहोचेल अशी. बाहेर सांडलेल्या लेंड्या उचलून आत टाकायच्या, शूने भिजलेला कागदाचा तुकडाही आत ठेवायचा, म्हणजे तिला खूण पटते. मांजरांसाठी मिळतात ते ओलं झालं की गोळा होणारे दाणे आणू नकोस, ती ते कुरतडेल आणि आतडं तुंबेल. कागद रोज बदल. पण फिनेलने घासून वास पार घालवलास तर तिला तिची जागाच सापडणार नाही. ट्रेच्या तळाला खडूसारखा पांढरा थर बसेल. सशाच्या अंगातलं जास्तीचं कॅल्शियम शूवाटे जातं, त्याचा तो. पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं की निघतो. सध्या सगळी खोली मोकळी देऊ नकोस. एक कोपरा जमला की पुढे. चुकली तर ओरडू नकोस, तिला एवढंच कळेल की सई आली की घाबरायचं.

चार-पाच महिन्यांची झाली की शिकलेलं सगळं विसरल्यासारखी भिंतीवर शू उडवेल. वयात आली म्हणायचं. तेव्हा तिचं ऑपरेशन करून घ्यावं लागेल. मादीच असेल तर करूनच घे, उतारवयात सशिणींना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. बेलगाछियाला १८९३ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बरानगरहून मेट्रोने जवळच. सशांची ऑपरेशनं कोण करतं, ते तिथे जाऊन विचार.

आणि आंघोळ नको. सशाच्या वरच्या केसांखाली दाट लव असते, ती तासन् तास वाळत नाही. तुमच्या कोलकात्यात जुलैत रुमाल वाळत नाही, ससा कुठला वाळायला! ओल्या, बरबटलेल्या बुडावर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. पाण्यात धरलं की तो जिवाच्या आकांताने लाथा झाडतो, त्यात पाठीचा कणासुद्धा मोडतो. भीतीने खाणं सोडलं की आतडं थंडावतं. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. बूड घाण झालं तर कोरडं कॉर्नफ्लॉवर लावून बोटांनी हळूहळू सोडव. अगदीच नाही निघालं, तर कोमट पाण्याचा बोळा तेवढ्याच जागी फिरव आणि लगेच पूर्ण कोरडं कर.

हे मला शाळेच्या सशांनी शिकवलं नाही. लहानपणी माझ्या दादाने ससा मारला, ही गोष्ट तू घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकली आहेस. दादाने कापशाला ओला लसूणघास घातला, कापशा मेला, आणि अण्णांनी दादाला चाबकाच्या दोरीने मारलं. काका नक्कल करून सांगतात, सगळे हसतात, दादाही हसतो. मी नऊ वर्षांची होते. मार्गशीर्षातली सकाळ होती. मैत्रीण बघायला येणार म्हणून मी कापशाला न्हाणीघरात नेलं, कपड्याच्या साबणाने धुतलं आणि आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवलं. तो थरथरत होता. मला वाटलं, थंडी वाजते, वाळला की थांबेल. वाळला नाही. मानेखाली, काखेत ओलाच राहिला. कान बर्फासारखे गार पडले होते, हे अजून माझ्या बोटांना आठवतं. संध्याकाळी दादाने घास घातला तेव्हा त्याने तोंडसुद्धा लावलं नव्हतं. सकाळी तो गेला होता.

अण्णा मारत होते तेव्हा मी दाराआड उभी होते. तो लुगड्याचा तुकडा मी तोवर लपवून ठेवला होता.

रागावून लिहिलं, ते मनाला लावून घेऊ नकोस. परक्या गावात, एकटीने राहताना रात्री शेजारी काहीतरी श्वास घेणारं असावं असं तुला वाटलं, हे मला न सांगता कळतं. वास तिचा नव्हे, चुरमुऱ्यांचा आहे, पंधरा दिवस द्या, असं मासिमांना सांग. सांगताना संदेश मिठाई घेऊन जा. मुडी नाकाने तुझ्या पायाला ढुसण्या देते म्हणालीस ना? म्हणजे तू तिला आवडतेस. तिला मांडीवर ओढू नकोस, तू जमिनीवर बस, ती येईल.

सोबत गच्चीवर वाळवलेली हरळी पाठवते आहे. डब्यातलं भडंग तुझं. त्यातला एक दाणासुद्धा तिला देऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. हे पत्र दादाला दाखवू नकोस, असं लिहिणार होते. दाखव. नाहीतर राहू दे, गणपतीला तू येशील तेव्हा मी सांगेन, तू फक्त माझ्या शेजारी बस.