स्वतःला सांधणारे जेल: पीव्हीए, टाकणखार आणि बेंटोनाइट

२००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सीमध्ये द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. तडा गेला की कुपी फुटे आणि आतला द्रव तड्यात उतरून घट्ट होई. मात्र कुपी एकदा रिकामी झाली की त्या जागी दुसरी दुरुस्ती नाही. पुढे दिलेले जेल त्याच जागी पुन्हा पुन्हा सांधते, कारण त्याचे रेणू धरणारे बंध सुटतात आणि परत जुळतात. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ते सहज होते.

साहित्य: पॉलीव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए (९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड) ८ ग्रॅम, बेंटोनाइट १ ग्रॅम, टाकणखार ४ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर सुमारे ३०० मिली, खाण्याचा रंग. पीव्हीएऐवजी पांढरा गोंद वापरू नका. तो मुख्यतः पॉलीव्हिनाइल ॲसिटेट असतो. टाकणखार पोटात गेल्यास अपाय होतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

आदल्या संध्याकाळी ५० मिली पाणी ढवळत ठेवून त्यात बेंटोनाइट चिमटी-चिमटीने भुरभुरा आणि रात्रभर ढवळू द्या. इथे घाई करू नका. या मातीचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाड असतात आणि पाणी आत शिरल्यावरच ते एकमेकांपासून सुटतात. सुटलेला पापुद्रा पॉलिमरला बळ देतो. न सुटलेली गुठळी जेलमधला खडाच ठरते आणि तडा तिथूनच सुरू होतो. सकाळी भांडे तासभर स्थिर ठेवा, तळाची रेती तशीच राहू द्या आणि वरचे गढूळ पाणी २५ मिली काढून घ्या.

पीव्हीए १०० मिली थंड पाण्यात भुरभुरून मग ढवळत ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. गरम पाण्यात टाकले तर गोळे होतात. द्रावण नितळ व्हायला तासभर लागू शकतो, झाकण ठेवा.

त्याचे दोन समान भाग करा. एकात मातीचे २५ मिली पाणी, दुसऱ्यात साधे २५ मिली पाणी घालून अर्धा तास ढवळा. दुसरा भाग तुलनेसाठी आहे, तो टाळू नका. माती पीव्हीएमध्ये आधीच मुरायला हवी. टाकणखारातले सोडियम आयन उघड्या पापुद्र्यांना परत एकत्र आणतात. पीव्हीएचा लेप बसला की पापुद्रे बरेचसे सुटे राहतात.

टाकणखार १०० मिली कोमट पाण्यात विरघळवून गार करा. दोन्ही भांड्यांत प्रत्येकी १५ मिली, हळूहळू, ढवळत घाला. लगेच घट्टपणा येईल. मळून एकजीव करा आणि हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी सारख्या मापाच्या पट्ट्या कापा. एक पट्टी रंगवलेली, एक बिनरंगाची घेऊन दोन्ही मधोमध कापा, वेगवेगळ्या रंगांचे अर्धे एकमेकांना टेकवा आणि डब्यात दहा मिनिटे ठेवा. रंगामुळे सांधा नेमका कुठे होता ते कळते. मग सांधलेली पट्टी ओल्या काचेवर मोजपट्टीशेजारी ठेवून समान वेगाने ताणा. वेग बदलला तर हेच जेल लांबते किंवा कटकन तुटते. सांधलेल्या पट्टीची तुटतानाची लांबी आणि अखंड पट्टीची तुटतानाची लांबी यांचे गुणोत्तर काढा.

सांधणारा बंध टाकणखारातल्या बोरेटचाच आहे हे पाहायचे असेल तर एका तुकड्यावर थोडे व्हिनेगर घाला. आम्लात बोरेटचे बोरिक आम्ल होते आणि जेल पातळ होते. धुण्याचा सोडा घातला की ते पुन्हा आवळते.

मातीचे प्रमाण वाढवण्याचा मोह आवरा. तिने जेल कमी ओघळते, ताठ होते. पण साखळ्यांची हालचाल आखडते आणि सांधण्याची गती मंदावते. कापलेली कड उघडी राहून सुकली तरी सांधा कच्चा राहतो. म्हणून कापल्यापासून जोडेपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येक नोंदीत लिहा. त्याशिवाय दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरांची तुलना करता येत नाही.